काटा घरात, माप बांधावर
(फवारणीच्या कोरड्या औषधांचे वजन या विषयावरील पुस्तिकेची प्रस्तावना)

यवतमाळ जिल्ह्यातल्या कास्तकाराचा कापूस आयुष्यभर दुसऱ्याच्या काट्यावर चढतो. जिनिंगच्या दारात भरली गाडी धर्मकाट्यावर उभी राहते, मग रिकामी उभी राहते, वजाबाकी होते. पाच-दहा किलोंचा फरक वाटला तरी कास्तकार वाद घालायला मागे हटत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण तोच माणूस ऑगस्टमध्ये पऱ्हाटीत फवारा घेऊन उतरतो तेव्हा पाकिटातली पावडर काडेपेटीने, चहाच्या चमच्याने, नाहीतर सरळ चिमटीने पंपात जाते. घरात वजनकाटा नसतोच. असला तर स्वयंपाकघरात असतो, आणि तिथला काटा या कामाला आणू नये हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

ही पुस्तिका एवढ्याच एका गोष्टीबद्दल आहे: फवारणीची आणि बीजप्रक्रियेची कोरडी औषधे मोजायला काटा कोणता घ्यावा, माप कोणते करावे, आणि दोघांपैकी कशावर किती विश्वास ठेवावा. विषय लहान वाटेल. तो लहान का नाही, हे २०१७ साली या जिल्ह्याने पाहिले आहे.

त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर या काळात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो लोक यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि इतर दवाखान्यांत दाखल झाले. त्यानंतर सरकारने यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांची विक्री तात्पुरती बंद केली. ती यादी पुन्हा वाचण्यासारखी आहे. प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रीनचे मिश्रण आणि मोनोक्रोटोफॉस ही दोन द्रवरूप. उरलेली तीन, म्हणजे असिफेट ७५ एसपी, डायफेंथियुरॉन ५० डब्ल्यूपी आणि फिप्रोनिल व इमिडाक्लोप्रिडचे ४०-४० टक्के दाणेदार मिश्रण, ही कोरडी. पाचात तीन औषधे अशी, की जी बाटलीच्या टोपणाने मोजता येत नाहीत, वजनानेच मोजावी लागतात. आणि वजन करायचे साधन गावात नव्हते.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगून टाकतो, नाहीतर या पुस्तिकेवर नको ते ओझे पडेल. २०१७ च्या मृत्यूंचे कारण केवळ चुकलेले माप नव्हते. पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे फवारा खांद्यावर आणि तोंडावर येत होता. हवा कोंदट होती. नवे जोरकस पंप बारीक धुके सोडत होते. दोन-तीन औषधे एकत्र कालवायची सवय होती, अंगात साधा सदरा, पायात चप्पल, तोंडाला फार तर रुमाल. गुलाबी बोंडअळीने बीटी वाणांना दाद देणे सोडले होते, म्हणून फवारण्या वाढल्या होत्या. या सगळ्यांत माप हा एक धागा. पण बाकीचे धागे कास्तकाराच्या हातात पूर्ण नाहीत. पाऊस, उकाडा, अळी, बियाणे यांपैकी काहीच नाही. माप मात्र पूर्णपणे त्याच्या हातात आहे, आणि काही शे रुपयांत दुरुस्त होते. म्हणून सुरुवात तिथून.

आता हिशेब. लेबलवर मात्रा लिहिलेली असते हेक्टरला, कास्तकार बोलतो एकरात, आणि हातात असतो पंधरा लिटरचा पंप. या तीन भाषांमध्येच निम्मी चूक होते. उदाहरण घेऊ. तुडतुडे आणि माव्यासाठी वापरले जाणारे फ्लोनिकामिड ५० डब्ल्यूजी कपाशीत हेक्टरी १५० ग्रॅम लागते. हेक्टरला ५०० लिटर पाणी धरले तर दहा लिटरला ३ ग्रॅम, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला साडेचार ग्रॅम. थायोमिथोक्झाम २५ डब्ल्यूजी हेक्टरी १०० ग्रॅम. म्हणजे पंपाला ३ ग्रॅम. डायफेंथियुरॉन हेक्टरी ६०० ग्रॅम. म्हणजे पंपाला १८ ग्रॅम. (हे आकडे हिशेब समजावा म्हणून दिले आहेत. फवारणीच्या दिवशी हातातल्या पाकिटावरचे लेबल हेच अंतिम.) तीन आणि अठरा, एकाच पंपाला, आणि दोन्हींसाठी गावभर चमचा एकच. शिवाय दाणेदार औषध जड बसते, भुकटी फुगून बसते. एकाच चमच्यात दोघांचे वजन वेगळे भरते. चमच्याची चूक चमचा वापरणाऱ्याची नाही, चमच्याचीच आहे.

यात भर पाण्याची. पंपाला साडेचार ग्रॅम हे गणित हेक्टरी ५०० लिटर, म्हणजे एकरी २०० लिटर पाणी जात असेल तरच खरे. आपला पंप, आपले नोझल आणि आपली चाल यांत खरोखर किती पाणी जाते हे पाहण्याची युक्ती सोपी आहे: एक गुंठा, म्हणजे ३३ बाय ३३ फूट, नुसत्या पाण्याने फवारावा. पाच लिटर संपले तर चाळीस गुंठ्यांना दोनशे लिटर. साडेतीनच संपले तर एकरी १४० लिटर, आणि पंपातल्या मात्रेचा हिशेब त्याप्रमाणे नव्याने. पेट्रोलवरच्या पॉवर पंपासाठी मात्रा तिप्पट करा, असा सल्ला आपल्याकडे वर्षानुवर्षे दिला जातो. तो यासाठी, की त्या पंपाने पाणी फार कमी लागते. एकरी औषध तेवढेच राहते, पाणी घटते. चार्जिंगच्या पंपाला हा नियम लागू नाही. तो हातपंपासारखाच पाणी सोडतो, फक्त दांडा हलवायचा त्रास वाचवतो. ‘मशीनचा पंप’ या एका शब्दात दोन्ही पंप कोंबले गेले आणि चार्जिंगच्या पंपात तिप्पट औषध पडू लागले. एकरी तिप्पट. काटा कितीही चांगला असो, हा गोंधळ तो सोडवणार नाही. म्हणून पुस्तिकेतले पंपाचे प्रकरण काट्याच्या प्रकरणाआधी ठेवले आहे, आणि ते ओलांडून कुणी पुढे जाऊ नये.

जास्त पडले तर काय बिघडते, असे विचारणारे भेटतात. पाने करपतात, मित्रकीटक मरतात, पैसे जातात, आणि अंगावर उडणाऱ्या प्रत्येक थेंबात विष अधिक असते. कमी पडले तर? तेव्हा सगळ्यांत चिवट किडे तेवढे वाचतात आणि पुढची पिढी त्यांची होते. दोन्हीकडे नुकसान आहे, पण ते त्या दिवशी दिसत नाही. पावडर मोजण्याच्या दुसऱ्या एका जगात ते लगेच दिसते. अमेरिकेत आणि युरोपात नेमबाजीचा छंद असलेले पुष्कळ लोक वापरलेली काडतुसे घरी पुन्हा भरतात. आपल्याकडे शस्त्र आणि स्फोटकांच्या कायद्यांमुळे हा घरी करायचा उद्योग नाही. आपल्या भागात बंदुकीची दारू म्हणजे भंडारा, भद्रावतीचे कारखाने आणि पुलगावचे दारूगोळा भांडार यांच्या भिंतीआडची गोष्ट. पण त्या लोकांकडून वजनाची शिस्त घेण्यासारखी आहे. दारू जरा जास्त झाली की बंदुकीची नळी तोंडासमोर फुटू शकते, त्यामुळे चिमटीचा अंदाज तिथे कुणाला परवडत नाही. ते वजन ग्रेनमध्ये करतात. ग्रेन आपल्याला परका नाही: ब्रिटिशांनी १८३३ साली तोळा बांधून दिला तो १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि यवतमाळच्या सराफ्यात आजही भाव तोळ्यानेच विचारला जातो.

त्या छंदिष्टांमध्ये दोन साधने असतात. एक काटा. दुसरे माप, म्हणजे दांडा फिरवला की ठरलेल्या आकारमानाची दारू खाली सोडणारे यंत्र. काटा अचूक पण संथ. माप झटपट पण आंधळे, कारण त्याला जागा कळते, वजन कळत नाही. मग ते काय करतात? माप काट्यावर बसवून घेतात. दहा मापे टाकायची, एकत्र तोलायची, दहाने भागायचे, मापाचा स्क्रू थोडा फिरवायचा, पुन्हा दहा मापे. जमले की मग झपाझप मापाने भरायचे आणि मधूनच एखादे काट्यावर टाकून पाहायचे. आजकाल काटा आणि माप एकत्र असलेली महागडी स्वयंचलित यंत्रेही तिकडे मिळतात. आपल्याला त्यांची गरज नाही. आपल्याला हवी आहे ती दहा मापांची रीत.

या पुस्तिकेचा गाभा माझ्या मते हाच आहे. काटा बांधावर न्यायचा नाही. बांधावर वारा असतो, ओले हात असतात, मजूर खोळंबलेला असतो, ऊन चढत असते. काटा घरी, बंद खोलीत, फवारणीच्या आदल्या दिवशी, फक्त माप तयार करण्यासाठी. एखादे छोटे प्लॅस्टिकचे टोपण किंवा औषधाच्या दुकानात मिळणारी मापाची डबी घ्यायची. त्यात औषध भरून पट्टीने काठाशी सपाट करायचे, अशी दहा मापे तोलायची. ४६ ग्रॅम भरली तर एक माप ४.६ ग्रॅमचे, फ्लोनिकामिडच्या पंपाला पुरेसे जवळ. ६० ग्रॅम भरली तर डबी बाहेरून खुणेपर्यंत कापायची आणि पुन्हा तोलायची. मापावर पक्क्या शाईने औषधाचे नाव आणि ग्रॅम लिहायचे. त्या औषधाचे माप त्याच औषधाला. दुसऱ्याला वापरायचे नाही, कारण भुकटी आणि दाण्यांची गोष्ट वर सांगितलीच आहे. नवे पाकीट, नवी कंपनी, किंवा पावसाळी हवेत गोळे धरलेली पावडर असेल तर माप पुन्हा तोलायचे.

या रीतीचा एक फायदा ऐकून काट्याचे दुकानदार नाराज होतील. दहा मापे एकत्र तोलली की एक ग्रॅमपर्यंतच वाचणारा स्वस्त काटाही चालतो. ४.५ ग्रॅमचे एकच माप त्या काट्यावर ठेवले तर तो ४ दाखवेल किंवा ५. अर्ध्या ग्रॅमची चूक म्हणजे अकरा टक्के. तीच अर्ध्या ग्रॅमची चूक ४५ ग्रॅमवर एका टक्क्याच्या आसपास येते. तरीही काटा नव्याने घ्यायचाच असेल तर ०.१ ग्रॅमपर्यंत वाचणारा, अर्धा किलो क्षमतेचा घ्यावा, असे या पुस्तिकेचे मत आहे आणि माझेही. ०.०१ ग्रॅमचा सराफी खिसाकाटा दिसायला अधिक अचूक, पण त्याची क्षमता कमी असते, जड वाटी ठेवली की संपते, पंखा चालू असेल तर शेवटचा आकडा नाचत राहतो, आणि माणूस त्या आकड्याच्या मागे लागून मूळ काम विसरतो. अर्धा किलोचा काटा बीजप्रक्रियेलाही पुरतो. एकरी तीस किलो सोयाबीनला किलोला ३ ग्रॅमप्रमाणे थायरम ९० ग्रॅम लागते. ते चिमटीने कुणी मोजू नये.

काटा कसा पारखावा यावर पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे, त्यातले थोडेच इथे. बहुतेक स्वस्त इलेक्ट्रॉनिक काट्यांच्या पोटात एक धातूची पट्टी असते. वजनाने ती किंचित वाकते आणि तो वाक विजेच्या आकड्यात वाचला जातो. म्हणून काटा सपाट फरशीवर ठेवावा, सुरू करून काही मिनिटे थांबावे, औषध पाटीच्या मधोमध ठेवावे. सेल उतरले की आकडा सरकतो. आणखी एक खोड अनेकांना माहीत नसते: काटे आपले शून्य आपणच जपत असतात. रिकाम्या वाटीत पावडर अगदी हळूहळू, कण-कण टाकली तर काटा ते वजन शून्याची हालचाल समजून गिळून टाकतो आणि आकडा हलत नाही. काडतुसे भरणारे यावर नेहमी कुरकुरतात. उपाय इतकाच, की टाकून झाल्यावर वाटी उचलावी आणि पुन्हा ठेवावी.

प्रमाणित वजने गावात नसतात. त्यावरचा तोडगा खिशात आहे. दहा रुपयांचे दोन धातूंचे नाणे सुमारे ७.७ ग्रॅम भरते. तेरा नाणी म्हणजे शंभर ग्रॅमच्या अगदी जवळ. नाणी झिजतात, म्हणून हे काही प्रयोगशाळेचे काम नव्हे, पण काटा शंभराऐवजी नव्वद दाखवत असेल तर तेरा नाणी त्याची लबाडी लगेच उघडी पाडतात.

वैधमापन विभागाच्या शिक्क्याबद्दल विचारणा होते. २००९ चा वैधमापन कायदा व्यापारातल्या वजनमापांसाठी आहे. कापूस घेणाऱ्याच्या काट्यावर शिक्का हवाच, आणि तो पाहण्याचा हक्क विकणाऱ्याला आहे. घरी स्वतःच्या औषधासाठी वापरायच्या काट्याला शिक्क्याची गरज नाही. पाकीट फोडून सुटे औषध तोलून विकणारा कुणी भेटला तर मात्र त्याच्याकडून काहीच घेऊ नये, त्याच्या काट्यावर शिक्का असो वा नसो. कीटकनाशक मूळ सीलबंद पॅकिंगमध्येच विकले गेले पाहिजे.

ज्यांना काटाही नको आणि मापही नको, त्यांच्यासाठी एक मधला रस्ता आहे. एकराचे पाकीट पूर्ण घ्यायचे. एकरी २०० लिटर पाणी म्हणजे पंधरा लिटरचे तेरा पंप आणि थोडे वर. २६०० मिलिलिटर पाण्यात पूर्ण पाकीट कालवून प्रत्येक पंपाला त्यातले २०० मिलिलिटर घालायचे. वजन कंपनीने आधीच केलेले असते. आपण फक्त पाणी वाटतो. एसपी म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या पावडरीला ही रीत छान चालते. डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजी औषधे विरघळत नाहीत, नुसती तरंगत राहतात आणि खाली बसतात. तिथे प्रत्येक वेळी काठीने ढवळले नाही तर पहिल्या पंपात पाणी आणि शेवटच्या पंपात विष जाते. कालवलेले औषध दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचे नाही.

पुस्तिकेतल्या एका सूचनेशी मात्र मी सहमत नव्हतो, आणि ती बदलून घेतली. पहिल्या मसुद्यात प्रत्येक पंपाची पुडी घरी बांधून न्यावी असे होते. सोयीचे आहे खरे. पण नाव नसलेल्या पांढऱ्या पावडरीची पुडी कोनाड्यात राहते, आणि घरात मुले असतात. औषध मूळ पाकिटातच राहिले पाहिजे, ज्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण छापलेला असतो. लाल सर्वाधिक विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. पुडीला त्रिकोण नसतो. म्हणून बांधावर माप जाईल, पाकीट जाईल, पुडी जाणार नाही. काटा आणि मापे औषधाच्याच कुलूपबंद पेटीत राहतील, चुलीजवळ कधीच येणार नाहीत. आणि पाकीट दाताने फोडायचे नाही, कात्रीने कापायचे. हातमोजे आणि मास्क फक्त फवाऱ्याच्या वेळी नव्हे, मोजतानाही घालायचे, कारण सगळ्यांत तीव्र विष त्याच क्षणी हाताशी असते. भुकटी वाऱ्याने उडते, म्हणून वारा पाठीवर घेऊन उभे राहायचे.

मोजणारा आणि फवारणारा बहुतेक वेळा वेगवेगळे असतात. मोजतो मालक, फवारतो मजूर. आणि जेव्हा मोजतोही मजूरच, तेव्हा त्याला लेबल कुणी वाचून दाखवलेले नसते. माप करणे हे मालकाचे काम आहे, असे पुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे. यावर काहींनी नाक मुरडले. ते वाक्य तसेच ठेवले आहे.

शेवटी जिल्ह्यातल्या सोळाही तालुक्यांतल्या कृषी केंद्रचालकांना एक विनंती. गल्ल्यावर ०.१ ग्रॅमचा एक काटा ठेवा. औषध विकू नका त्यावर. कास्तकाराने आणलेली रिकामी मापाची डबी, त्याने विकत घेतलेल्या पाकिटातली दहा मापे भरून, त्याच्यासमोर तोलून द्या आणि डबीवर ग्रॅम लिहून द्या. पैसे घेऊ नका. आणि कास्तकारांना: फवारणीनंतर कुणाला मळमळ, घाम, धूसर दिसणे सुरू झाले तर १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात जाताना ते पाकीट सोबत न्या. असिफेटच्या विषबाधेवर अ‍ॅट्रोपीन देता येते, डायफेंथियुरॉनवर ठरावीक उतारा नाही. पोटात काय गेले किंवा अंगावर काय उडाले हे डॉक्टरांना आधी कळावे लागते.